सतरा नंबरच्या दोन कोऱ्या जागा

माझ्या नेमणुकीच्या इंग्रजी पत्रावर पदाचं नाव 'कॉम्प्युटर' असं टाईप केलेलं होतं. मराठी प्रतीवर 'गणक'. सत्तरच्या आसपास सरकारी दप्तरात आकडेमोड करणाऱ्या माणसालाच ते नाव होतं. त्यामुळे देवळाली प्रवराच्या पंचक्रोशीतल्या पहिल्या तीन कॉम्प्युटरांतली एक मी, असं मी नातवंडांना सांगते आणि त्यात खोटं काही नाही. डबा आणणारा, दुपारी चहा पिणारा आणि साडेपाचला पायी खोलीवर जाणारा कॉम्प्युटर.

आमचं शेती संशोधन केंद्र होतं उसाच्या पट्ट्यात, पण माझ्या टेबलावर यायची ती बाजरी. बाजरीचे नवे वाण तयार झाले की ते गावोगावी शेतकऱ्यांच्या रानात पेरून बघायचे. एका रानात चाळीस छोटे प्लॉट. दहा वाण, प्रत्येक चार वेळा. एखाद्या वाणाला नेमकी चांगली जमीन मिळून तो उगाच पुढे जाऊ नये, म्हणून कुठला वाण कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. कापणीला आमचा क्षेत्र सहायक जाऊन प्रत्येक प्लॉटचं धान्य वेगळं तोलायचा आणि वहीत लिहायचा. त्या वह्या आमच्याकडे आल्या की आम्ही तिघं गणक हँडल फिरवायच्या गणनयंत्रावर बेरजा, वर्ग, सरासऱ्या काढत बसायचो. जात्यावर बसल्यासारखंच ते काम. खरिपाचा हिशेब हाती यायला होळी यायची.

मग डॉ. सबनीस अमेरिकेहून शिकून आले आणि आमच्या विभागाचे प्रमुख झाले. उंच, हळू बोलणारे, खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. त्यांनी येताना पुठ्ठ्याच्या कार्डांची एक पेटी आणली होती. कार्डांना बारीक चौकोनी भोकं पाडलेली. "तुमचं चार महिन्यांचं काम ही पेटी दहा मिनिटांत करील," ते म्हणाले. माझे दोघे वडीलधारे सहकारी मान खाली घालून पुन्हा हँडल फिरवायला लागले. मी सगळ्यांत लहान, संगमनेरच्या कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, म्हणून पेटी माझ्या गळ्यात पडली. सरांनी मला पंधरा दिवस पुण्याला फोरट्रान शिकायला पाठवलं आणि परत आल्यावर सांगितलं, "कडलगबाई, आता हा प्रोग्रॅम पुण्याच्या यंत्रावर चालवून दाखवा."

मला वाटलं, पेटी न्यायची, यंत्रात घालायची, उत्तर आणायचं. त्याला पुढे पाच महिने लागले.

का लागले ते थोडं सांगायला हवं. फोरट्रान ही भाषा माणसाला वाचता येते; अर्धी इंग्रजी, अर्धं बीजगणित. यंत्राला ती कळत नाही. मध्ये एक दुभाषी लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. प्रत्येक बनावटीच्या यंत्राचा दुभाषी निराळा. आणि बारा कोसांवर भाषा बदलते हे फोरट्रानलाही लागू आहे. संगमनेरला आमच्या घरात 'आहे' म्हणतात आणि मळ्यात 'हाय' म्हणतात, तरी कुणाचं अडत नाही. पण हा दुभाषी भलताच सोवळा. त्याला 'आहे' शिकवलं असेल आणि तुम्ही 'हाय' म्हणालात, तर तो काम खाली ठेवतो आणि चुकांची यादी छापून तुमच्या हातात देतो. अमेरिकेतल्या यंत्रासाठी लिहिलेलं पुण्याच्या यंत्राच्या गळी उतरवायचं, हे माझं काम झालं.

पहिल्या फेरीला चारशे कार्डांची पेटी मांडीवर घेऊन मी राहुरीहून एस.टी.त बसले. पुण्याच्या त्या संस्थेत कार्डं यंत्रात घातली आणि थोड्या वेळानं छापील कागद बाहेर आला. जवळजवळ प्रत्येक ओळीखाली चूक. बरोबरच्या (=) चिन्हाच्या जागी भलतंच चिन्ह, कंसांच्या जागी टक्क्याचं चिन्ह. एस.टी.च्या खडखडाटानं प्रोग्रॅम बिघडला की काय, असंही मला वाटून गेलं. इतकी मी तेव्हा अडाणी होते.

मी कागद घेऊन बाकावर बसलेली बघून पंचिंग विभागातली एक मुलगी बाहेर आली. रूथ साळवे तिचं नाव. कार्डांना भोकं पाडायच्या यंत्रावर ती दिवसभर बसायची.

"ताई, कुठून आलात?"

"देवळालीहून."

"नाशिकच्या?"

"नाही, प्रवरेच्या."

"अगं बाई! मग तू आमच्याच कडची की! मी श्रीरामपूरची."

तिथून ती अगं-तुगंवर आली ती आजतागायत. तिनं माझ्या पेटीतलं एक कार्ड उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"हे बघ, वर बरोबरचं चिन्ह छापलंय ना? आता भोकं बघ. आठ आणि तीन नंबरच्या ओळीत. आमच्या नव्या मशीनवर बरोबरचं चिन्ह आठ आणि सहाला पडतं. तुझी कार्डं जुन्या पद्धतीच्या मशीनवर पाडलेली आहेत. वरचं छापलेलं माणसासाठी असतं, यंत्र नुसती भोकं बघतं."

इतकं साधं होतं ते, आणि तिच्याशिवाय ते मला महिनाभर कळलं नसतं. चारशे कार्डं नव्यानं पाडायची होती. रूथनं ती तीन दिवसांत, स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत पाडली. मी आभार मानायला लागले तर म्हणाली, "पुढच्या वेळी आईकडून माझी पिशवी घेऊन ये, तेवढं पुरे." पुढच्या प्रत्येक फेरीला मी आधी श्रीरामपूरला जाऊन तिच्या आईकडून चटणी, शेंगा आणि मोसंबी घ्यायची आणि मग पुण्याची वाट धरायची.

पुढच्या अडचणी एकेक करत सुटल्या. अमेरिकेत कार्ड वाचणाऱ्या यंत्राला पाच नंबर होता, पुण्यात एक. त्यामुळे प्रोग्रॅम तिथे नसलेल्याच यंत्राकडे कार्डं मागत बसायचा. अमेरिकेतल्या यंत्राच्या पोटात मावायचं त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढीच इथली जागा. म्हणून मी प्रोग्रॅमचे दोन तुकडे केले, पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला कार्डांवरून द्यायचं. प्रत्येक चुकीमागे एक फेरी. यंत्राच्या आतलं मला फारसं कळत नव्हतं, पण कागदावरची चूक खरी चूक नसते, ती तिच्या आधीच्या कुठल्या तरी ओळीत असते, एवढं मी तेव्हा शिकले.

शेवटी एकच ओळ उरली. तिच्यात आकडा अधिक आहे की उणे ते विचारणारी एक सोय वापरली होती आणि ती सोय पुण्याच्या दुभाष्याला ठाऊकच नव्हती. मी ओळीचा अर्थ लावला तो असा: प्लॉटचं उत्पादन उणे असेल, तर तो प्लॉट मोजणीतून सोडून दे. मी सबनीस सरांना पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं: 'ही ओळ माझी नाही, मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची असावी. बाजरी उणे कशी येईल? काढून टाका.'

रूथला ते दाखवलं तर ती हसून लोटपोट. "शेतकऱ्यानंच बाजारातून आणून रानात ओतली तर येईल की उणे!"

मीही हसले आणि ते कार्ड वगळलं. दुभाषी खूश झाला. एकही चूक नाही.

खात्री करायला मी आमच्या केंद्राच्या स्वतःच्या शेतातली चाचणी निवडली. पाटाच्या पाण्यावरची, चाळीसच्या चाळीस प्लॉट भरलेले, वही सुवाच्य. तिचं उत्तर मी आधी हातानं काढून ठेवलं होतं. यंत्राचं उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत जुळलं. त्या दिवशी मी संस्थेच्या पायऱ्या उतरले ते जमिनीपासून वीतभर वरून चालत. आज मात्र त्या खात्रीचं मला वाईट वाटतं. सगळ्यांत स्वच्छ वही निवडून मी प्रोग्रॅमला सगळ्यांत सोपा प्रश्न विचारला होता.

दोन खरीप आमचा प्रोग्रॅम पुण्यात चालला. दिवाळीनंतर महिन्याभरात निकाल हाती येऊ लागले. माझे दोघे सहकारीही निवळले. त्यांना कार्डांसाठी तक्ते लिहायचं काम मिळालं.

मग बहात्तरचं साल आलं. पूर्वेकडच्या तालुक्यांत बाजरी उगवली ती गुडघ्याएवढी होऊन थांबली. आमच्या अकरा कोरडवाहू गावांपैकी पाच गावांत कापायलाच काही उरलं नाही. ती सोडून दिली. उरलेल्या सहा गावांच्या वह्या आल्या. मी त्यांची कार्डं पुण्याला नेऊन चालवून आणली. वाणांना केंद्राच्या नोंदवहीतलेच नंबर असायचे; निकालात सतरा नंबरचा वाण दहांत आठवा होता.

आठवा म्हणजे काय, ते सांगते. सरकारी वर्षाच्या शेवटी, मार्चअखेर, वरिष्ठांची बैठक व्हायची आणि खालचे तीन वाण वगळले जायचे. वगळलेल्या वाणाचं बियाणं पुढे कुणी राखत नसे. कोठीत तेवढी जागाच नव्हती. बैठकीत वगळलेला वाण दोन वर्षांत जगातून नाहीसा व्हायचा. सबनीस सरांना सतरा नंबरकडून आशा होती, कारण तो लवकर पिकायचा. पण आकड्यापुढे त्यांनी आशा बाजूला ठेवली.

त्यातच पुण्याचं यंत्र बंद पडलं. कुठला तरी भाग परदेशातून यायचा होता. आमची बागायती गावं चालवायची राहिली होती आणि बैठक पाच आठवड्यांवर. सरांनी खटपट करून मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेच्या यंत्रावर आठवड्यातून एक तास मिळवला. ते यंत्र अमेरिकेतल्या यंत्राच्याच बनावटीचं होतं. म्हणून मी माझा पुण्याचा प्रोग्रॅम न नेता मूळची अमेरिकन पेटीच उचलली. दादरला मावशीकडे उतरले आणि सकाळी दहाला संस्थेत हजर झाले. बागायती गावं सुरळीत चालली. वेळ उरला होता म्हणून, आणि खरं सांगायचं तर आपलं पुण्याचं काम किती चोख आहे हे बघायची हौस म्हणून, मी कोरडवाहू गावांची कार्डंही पुन्हा घातली.

सतरा नंबर दुसरा आला.

मी कागद दोनदा वाचला. कार्डं तीच, गावं तीच, आकडे तेच. पुण्यात आठवा, मुंबईत दुसरा. परत येऊन मी दोन्ही कागद सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांनी दोन्हींवरच्या सतरा नंबरवर बोट ठेवलं.

"कडलगबाई, यातलं खरं कुठलं?"

"माहीत नाही, सर."

"मग माहीत होईपर्यंत मी बैठकीत यातलं काहीच ठेवणार नाही. लागा शोधायला."

पुढच्या आठवड्यात मी मुंबईला जाऊन एकेक गाव वेगळं चालवलं आणि पुण्याच्या कागदांशी ताडून पाहिलं. आमच्या कामात हुशारी थोडी लागते, चिकाटी फार. सहापैकी पाच गावं जुळली. एक जुळेना: पाथर्डी तालुक्यातलं, कोंडीराम गर्जे नावाच्या शेतकऱ्याच्या रानातलं. मी त्या गावची चाळीस कार्डं टेबलावर मांडली. चाळिसातल्या दोन कार्डांवर वजनाची जागा कोरी होती. दोन्ही सतरा नंबरची.

यंत्रावर देखरेख करणारे नटराजन म्हणून एक शांत गृहस्थ होते. मी ती दोन कार्डं त्यांना दाखवली.

"कोरी आहेत म्हणूनच," ते इंग्रजीत म्हणाले. "या यंत्रात शून्यं दोन असतात. अधिक शून्य आणि उणे शून्य. कार्डावर शून्य पाडलं असेल तर ते अधिक शून्य. जागा कोरी सोडली असेल तर ते उणे शून्य म्हणून वाचलं जातं. जुने प्रोग्रॅमर त्यावरूनच ओळखतात, आकडा शून्य आहे की आकडाच नाही. तुमच्या प्रोग्रॅममध्ये अशी ओळ असेल बघा."

ओळ होती. मी ज्या ओळीवर पोट धरून हसले होते तीच. बाजरी उणे आली का, असं ती विचारत नव्हती. प्लॉट मोजला का, असं विचारत होती. पुण्याच्या यंत्रात शून्य एकच. मी ती ओळ काढली आणि न मोजलेला प्रत्येक प्लॉट 'काहीच पिकलं नाही' म्हणून धरला गेला. मी ती दोन कार्डं हातात धरून तशीच खुर्चीत बसले. नटराजननी काही न विचारता माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. त्यांचं ते न विचारणं मी विसरलेले नाही.

परत येऊन मी सरांना सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "'काढून टाका' हे पोस्टकार्ड माझं होतं. तुम्ही विचारलं होतंत, मी विचार केला नाही. ते असू द्या. आता खरा प्रश्न पुढे आहे. कोरी जागा म्हणजे प्लॉट मोजला नाही, असं हा प्रोग्रॅम धरतो. आपल्या माणसानं ती त्याच अर्थानं सोडली होती का? पीक वाळून गेलं आणि शून्य लिहायचा कंटाळा केला, असं असेल तर पुण्याचंच बरोबर आहे."

त्याचं उत्तर कुठल्याच यंत्रात नव्हतं. मी आमच्या क्षेत्र सहायकाला, म्हस्क्यांना गाठलं. पाथर्डीकडची गावं त्यांच्याकडे असायची. चाळिशीचा, उन्हानं रापलेला, कामाला वाघ माणूस. वहीतल्या त्या दोन जागा दाखवल्या तर ते नजर चुकवून म्हणाले, "मोजायचं राहिलं, बाई."

"का राहिलं?"

"राहिलं."

मी म्हटलं, मग मी स्वतः जाऊन विचारते. त्यावर घाईनं म्हणाले, "एकल्या नका जाऊ. मी येतो."

आम्ही एस.टी.नं पाथर्डीला गेलो, तिथून पायी. रानं तव्यासारखी तापलेली होती आणि अजून फाल्गुनही संपला नव्हता. निम्म्या वाटेवर म्हस्के आपणहून बोलायला लागले.

"बाई, त्या टायमाला जीप दुष्काळी कामाला लावलेली. मला पोचायला आठ-धा दिवस उशीर झाला. तोवर ते दोन प्लॉट कापलेले. किती निघालं ते मी तोललं नाही, मग आकडा कसा लिहायचा? आणि शून्य लिहायचं, तर पिकलं होतं की हो! शून्य बी खोटं आणि आकडा बी खोटा. म्हणून कोरं सोडलं. म्हटलं, कुणी तरी विचारील. कुणी विचारलंच नाही."

त्यांनी जे जपून कोरं ठेवलं होतं ते मी एक कार्ड काढून पुसून टाकलं होतं.

कोंडीराम गर्जे आणि त्यांची बायको गयाबाई गावाबाहेरच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. म्हस्क्यांबरोबर कुणी बाई आलेली बघून गर्जे हातोडा खाली ठेवून उभेच राहिले. मी चौकशीला आले असं त्यांना वाटलं.

"बाई, चूक झाली," मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले. "काय दंड असंल त्यो सांगा. पर म्हस्केसायबांना काय करू नका."

"दंड नाही हो. मला फक्त सांगा, सतरा नंबरचं काय झालं?"

त्यांनी बायकोकडं पाहिलं. मग सांगायला लागले.

"बाकीचं समदं अजून हिरवं हुतं, दाना धरला न्हवता. ह्यो सतरा नंबर आठ दिस आधी निसवला. कनसं चांगली भरली. सायबांनी बजावलं हुतं, आमी आल्याबिगर इळा लावायचा न्हाई. लई वाट बघितली. पाखरं उतराया लागली. घरात तर दाना न्हवता."

"मीच कापली," गयाबाई मध्येच म्हणाली. "त्यांनी न्हाई. दोन तुकडं कापलं. पोरं उपाशी हुती."

"चार होते ना सतराचे? मग दोनच का?"

"दोन तुमच्यासाठी ठिवलं की," ती म्हणाली. "तुमाला मोजाया लागत्यात, व्हय ना? त्यावर पाखरं राखली मी, सायेब येईस्तोवर."

मी म्हस्क्यांकडे पाहिलं. ते पागोट्याच्या टोकानं तोंड पुसत होते. गयाबाईला मी विचारलं, किती निघाली? अडीच पायल्या, ती म्हणाली, तिला नेमकं आठवत होतं. ते मी माझ्या वहीत लिहून घेतलं, केंद्राच्या नाही. काट्यावर न तोललेला आकडा चाचणीत चालत नाही, आणि तो मी चालवलाही नाही. कोरी जागा कोरीच राहायला हवी होती. एवढंच मला हवं होतं, ते मिळालं.

अहवालात मी वाक्य लिहिलं: 'निरीक्षणापूर्वी कापणी झाल्याने दोन प्लॉटची नोंद नाही.' सरांनी विचारलं, कापणी कुणी केली? मी सगळं सांगितलं. ते अहवाल माझ्याकडे परत देत म्हणाले, "वाक्य आहे तसंच राहू द्या."

बैठकीला गणकांना बोलवायची पद्धत नव्हती. सरांनी मला नेलं आणि स्वतःच्या शेजारी बसवलं. सतरा नंबरचा निकाल बदलल्याचं सांगितल्यावर एक वरिष्ठ चढ्या आवाजात म्हणाले, "म्हणजे गेली दोन वर्षं तुमचं यंत्र चुकीचे आकडे देत होतं?"

"यंत्र नाही," सर उभे राहून म्हणाले. "पुण्याच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम बदलताना एक ओळ काढायचा निर्णय मी दिला. चूक माझी आहे. ती शोधून काढली या कडलगबाईंनी."

त्या ओळीचं कार्ड माझ्या हातानं गेलं होतं. हे ते म्हणाले असते तरी खोटं ठरलं नसतं. ते म्हणाले नाहीत. पुढे तीस वर्षं मी नोकरी केली, हाताखाली माणसं आली, त्यांच्याही चुका झाल्या, आणि दर वेळी त्या टेबलापाशी उभे राहिलेले सर मला दिसले. मला दर वेळी त्यांच्यासारखं जमलं असं नाही.

सतरा नंबर राहिला. पण बैठकीनंतर मी आधीच्या दोन वर्षांची सगळी कार्डं पुन्हा चालवली आणि त्यात नऊ नंबर सापडला. तो पहिल्याच वर्षी वगळला गेला होता, दोन गावांत गुरं शिरून त्याचे चार प्लॉट बुडाले म्हणून. चारही जागा कोऱ्या होत्या. वगळायला नको होता. मी कोठीत जाऊन विचारलं. बियाणं कधीच काढून टाकलं होतं. नऊ नंबर कसा निघाला असता, ते आता कुणालाच कळणार नाही. ही एक गोष्ट मला अजून सलते.

त्यानंतर आम्ही कोऱ्या जागेवर विसंबणं सोडलं. ती युक्ती रूथची. "न मोजल्याचंही एक भोकच पाडा ना," ती म्हणाली, "म्हणजे कुठलंही यंत्र असो, वाचील." प्रत्येक कार्डाच्या शेवटच्या रकान्यात आम्ही मोजल्या-न मोजल्याची खूण ठेवली. आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर जाताना काढलेली प्रत्येक ओळ मी कारणासकट वहीत लिहू लागले. पुढे यंत्रं बदलत गेली, कार्डं गेली, फिती आल्या, त्याही गेल्या. दुभाषी मात्र तेवढेच सोवळे राहिले. लोक मला कंपायलरची डॉक्टरीण म्हणायचे. मी पेशंटला विचारायची तो पहिला प्रश्न ठरलेला असे: याच्यातून काय काढलंत?

सतरा नंबर फार मोठा वाण ठरला असं मी म्हणणार नाही. पूर्वेकडच्या कोरड्या गावांत तो काही वर्षं पेरला गेला, मग त्याहून चांगले आले. पण तेवढी वर्षं तो होता.

पुढच्या खरिपात पाऊस बरा झाला. गर्ज्यांच्या रानात पुन्हा चाचणी होती. या वेळी म्हस्के आणि मी काटा घेऊन पाच दिवस आधीच जाऊन पोचलो. चाळीसही प्लॉट कापले, तोलले, लिहिले. गर्जे प्रत्येक वजनाला वाकून काट्याकडे बघत होते आणि मला आकडा मोठ्यानं वाचायला लावत होते. सतरा नंबरच्या चौथ्या प्लॉटचं वजन वहीत उतरवलं तेव्हा दुपार टळली होती.

प्लॉटच्या कडेनं मोजणीत न धरायची एक ओळ असते, तिचं धान्य शेतकऱ्याचं. गयाबाईनं सतरा नंबरच्या कडेची कणसं सकाळीच मळून, दळून आणली होती. बांधावर तीन दगडांची चूल मांडून तिनं भाकऱ्या थापल्या आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर माझ्या हातावर एक गरम भाकरी ठेवली.

"खावा, बाई. तुमच्याच कागदावरची हाय."

तीन वर्षं मी या वाणाला चार दशांश स्थळांपर्यंत ओळखत होते, पण त्याची चव मला माहीत नव्हती. भाकरी किंचित गोड होती. ती संपवली आणि आणखी अर्धी मी मागून घेतली.